काट्यावर अडलेली मिरवणूक

ती. आक्कास,

धाकट्या गोरक्षचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमची ती मारकी गाय ही सगळी बरी असावीत. आम्ही इकडे जामखेडच्या कोरड्या हवेत टणक आहोत. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मी एक वाक्य बोलतो आणि तू दहा. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

तर आमच्या शाळेचं नवं सत्र सोमवारी सुरू झालं. यंदा पोरांना पहिल्याच दिवशी अशी उमेद द्यायची की ती वर्षभर पुरली पाहिजे, असं मी मुख्याध्यापक या नात्याने ठरवलं (शाळेत शिक्षक दोनच, दुसऱ्या बाई रजेवर, त्यामुळे ठराव एकमताने झाला). पहिलीच्या पोरांची बैलगाडीतून मिरवणूक, मग पटांगणात माझं भाषण. ते मी सबंध मे महिना खपून लिहिलं होतं, चांगलं चार पानी. गाडी वैजनाथने दिली. हा वैजनाथ दरवर्षी दिवाळी झाली की बायकापोरांसह ऊसतोडीला निघतो, थेट तुमच्या देवळाली प्रवऱ्याला. बैलही तेच, कारखान्यावर ऊस वाहणारे. इथेच माझं चुकलं.

त्यात वैजनाथला ऐनवेळी बियाणं आणायला जावं लागलं, म्हणून कासरा मी हाती घेतला (लहानपणी आपण गाडी हाकायचो हे खरं, पण तेव्हा शेजारी आबा बसायचे, हे मी विसरलो). फाट्यापर्यंत सगळं झकास चाललं होतं. फाट्यावर भुसार व्यापाऱ्याचा वजनकाटा आहे. तो दिसताच बैल शहाण्यासारखे वळले, काट्यावर चढले आणि उभे राहिले. भरलेली गाडी काट्यावर न्यायची आणि पावती मिळेपर्यंत हलायचं नाही, हे त्यांना पक्कं शिकवलेलं. (इतकं पक्कं मला अजून एकाही पोराला शिकवता आलेलं नाही.) मी चुचकारलं, शेपट्या पिळल्या, शेवटी विनंतीसुद्धा केली. काट्यावरचा सूर्यभान म्हणाला की वीज गेलीय, पावती निघत नाही, नाहीतर गुरुजींचं वजन आज गावाला कळलं असतं. पालक हसत होते, गाडीला बांधलेले फुगे उन्हाने फटाफट फुटत होते आणि पहिलीतल्या दोघांनी भोकाड पसरलं होतं.

तेवढ्यात चौथीतली निकिता, वैजनाथचीच लेक, दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन पुढे आली. माझ्या खिशातून डोकावणारं भाषण तिने ओढून काढलं, बैलांच्या तोंडापुढे धरलं आणि शांतपणे म्हणाली, "झालं वजन. चला घरी." बैल निघाले. भाषणाची दोन पानं एकाने तिथेच खाल्ली, उरलेली दुसऱ्याने शाळेच्या दारात.

पटांगणात बोलायला माझ्याकडे काही उरलंच नाही. म्हणून निकितालाच पुढे बोलावलं आणि पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. आक्का, ती अशी फुलली की मला राहवलं नाही. यंदा वर्षभर अशीच हुशारीने शीक, असं मी सांगून बसलो. तिने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "सर, दिवाळीपोत शिकंन की. पुढं आई उसाच्या फडात गेल्यावर याला कोन धरनार?"

माझ्या चार पानांत फडाचं नावसुद्धा नव्हतं. बैलांनी खाल्ली ते बरंच झालं.

दाजींना नमस्कार, गाईला लांबूनच.

तुझा गोरक्ष

ता. क. वैजनाथची कोपी, ती पाचटाची झोपडी, दरसाल तुमच्या बांधालगतच पडते, आणि शाळा तर तुमच्या दारासमोर. निकिताला तिथे बसवायची कागदपत्रं मी करतो. सकाळी तिला एक हाक तेवढी तू मार.

पुन्हा ता. क. ती शाळेत असेपर्यंत भाऊ तुझ्या ओसरीवर राहील. पोरगं गुणी आहे, एवढे फुगे फुटले तरी रडलं नाही. पळतं मात्र फार. पण त्यासाठी दाजी आहेतच.

शेवटचं ता. क. तुझा होकार मी निकिताला सांगूनही टाकलाय. तुझं घर कसं आहे विचारत होती, तर दारात मोठी चिंच आहे म्हणालो. नव्या वहीच्या पहिल्याच पानावर तिने ती चिंच काढलीय, खाली भाऊ खेळतोय आणि त्याच्यामागे तू धावतेस. चित्रात तुझे गुडघे एकदम ठणठणीत आहेत.