शत्रूस पाणी पाजल्याबाबत खुलासा

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, जिल्हा वर्धा

अर्जदार : पुनाजी सोमा उईके, निवृत्त शिपाई, भारतीय सेना, राहणार मौजा सावंगखेडा

विषय : प्रजासत्ताक दिनाच्या नाटकात अर्जदाराने शत्रूस पाणी पाजल्याबाबत खुलासा.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ३ फेब्रुवारी १९८४.

महोदय,

अर्जदाराने दारूच्या नशेत राष्ट्रीय कार्यक्रमात विघ्न आणले, असे आपल्या नोटिशीत नमूद आहे. माफी लिहून दिल्यास प्रकरण मिटवण्याची कृपाही आपण दाखवली आहे. अर्जदार त्या दिवशी प्यायलेला नव्हता. जे केले ते शुद्धीत केले, म्हणून हा खुलासा.

सन १९७१ च्या डिसेंबरात, पूर्वेकडील आघाडीवर, अर्जदाराच्या गुडघ्यात गोळी शिरली व तो तळ्याकाठच्या एका खड्ड्यात कोसळला. त्याच खड्ड्यात छातीत गोळी लागलेला एक शत्रुसैनिक आधीच पडलेला होता. तो पाणी मागत होता. अर्जदाराने आपल्या बाटलीतले पाणी त्याच्या तोंडाला लावले. दिवस मावळायच्या आत तो मेला. अर्जदारास साथीदारांनी उचलून नेले. पाय कायमचा अधू झाला. अर्जदाराचे शौर्य काय ते एवढेच.

गावी आल्यावर उत्सव समितीचे सचिव बापूराव यांनी ही हकीकत मोठ्या आस्थेने ऐकली आणि सल्ला दिला, "पुनाजी, हे कुठी सांगू नको गा. यानं लोकायले जोश येत नाई." त्यानंतर जोश येईल असे नाटक त्यांनी स्वतः लिहिले. नाव 'रणवाघ पुनाजी'. त्यात रणवाघ पाच शत्रूंचा गळा दाबतो आणि तहानेने तडफडणाऱ्या सहाव्यासमोर बाटली मातीत ओततो. तेथे शिट्ट्या पडतात. बायाबापड्या पदराने डोळे पुसतात.

रणवाघाचे काम कापसाचे दलाल भैयाजी करतात. त्यांना भरघोस मिशा आहेत, इतकीच त्यांची लष्करी पात्रता. त्यांनी बंदूक फक्त जत्रेत फुगे फोडायला धरली आहे. तरी गाव त्यांना 'फौजी' म्हणते, पार सिंदी रेल्वे गावापर्यंतच्या शाळा त्यांना ध्वजारोहणास बोलावतात आणि ते मुलांना रणांगणाच्या आठवणी सांगतात. मागे एका पाहुण्यांनी हार घालण्यासाठी वीर जवानास पुढे बोलावले. अर्जदार उठला. बापूरावांनी त्याचा खांदा दाबून त्याला बसवले. "काठीवाला फौजी बरा दिसत नाई, बस गा." हार भैयाजींच्या गळ्यात पडला. घरी अर्जदाराची बायको रामबाई एवढेच म्हणाली, "जेवून घ्या." त्या रात्री ती स्वतः मात्र जेवली नाही.

सहाव्या शत्रूचे काम जिनिंगमधील मजूर नत्थू करतो. तो काळा आणि हडकुळा असल्याने समितीच्या मते जन्मतःच शत्रू आहे. यंदा भैयाजींनी बाटली ओतली, वर जोश चढून नत्थूच्या तोंडावर थुंकले. हे नाटकात लिहिलेले नव्हते. लोकांनी 'वन्स मोअर' दिला. भैयाजी पुन्हा थुंकले.

तेव्हा अर्जदार काठी टेकत रंगमंचावर गेला, पडद्यामागचा पाण्याचा लोटा आणला, नत्थूचे तोंड पुसले, मान उचलली आणि त्याला पाणी पाजले. नत्थू लोटाभर पाणी प्यायला. खालून ओरड झाली, "ओ बुढा, खाली उतरा! खेळ बिघडवून राह्यले काऊन?" कोणी गद्दार म्हटले. चपला आल्या. देशभक्तांचा नेम मुळात वाईट असल्याने त्यातील बऱ्याचशा भैयाजींना लागल्या. अर्जदाराकडून झालेले विघ्न ते हेच.

दुसऱ्या दिवशी नत्थूने समितीस सांगितले, "मी आता दुश्मन होत नाई. दुसरा पाहा." दुसरा कोणी मिळेना. तेव्हा बापूरावांनी चावडीवर चारचौघांत अर्जदारास सुनावले, "एवढा पुळका हाये, तं आता तूच हो दुश्मन. लंगडता तर बरंच येते तुले."

अर्जदाराने तेथेच होकार दिला. बापूराव हसले, पण साक्षीदार बरेच असल्याने आता त्यांना शब्द फिरवता येत नाही.

आगामी स्वातंत्र्यदिनी हेच नाटक पुन्हा व्हायचे आहे, तरी त्या दिवशी पोलीस बंदोबस्ताची तजवीज व्हावी, ही विनंती. अर्जदार शत्रूच्या वेषात पाणी मागेल आणि पाणी मिळेपर्यंत मरणार नाही. त्यामुळे नाटक लांबल्यास त्याची जबाबदारी अर्जदारावर राहणार नाही, याची नोंद घ्यावी.

आपल्या कृपेस नम्र नकार देणारा,

(सही)
पुनाजी सोमा उईके
दि. १० फेब्रुवारी १९८४

सोबत : नोटिशीची प्रत. माफीनामा जोडलेला नाही.