लाल गाडीतलं ट्रकचं इंजिन

उस्ताद, तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली आणि आज सकाळपासून मला तुमच्याशी बोलायची नुसती घाई झाली आहे. नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही बसलेली सगळ्यात वेगवान गाडी कुठली?" मी म्हटलं, एक लाल टू-सीटर होती आणि तिच्यात ट्रकचं इंजिन होतं. ती हसायलाच लागली. तिला वाटलं, म्हातारा थापा मारतोय. आता तुम्हीच सांगा, थापा आहेत का?

लालबागचं आपलं गॅरेज म्हणजे दोन चाळींच्या मधली पत्र्याची शेड. मागच्या भिंतीला ती गाडी टेकलेली. तिचा साहेब विलायतेला गेला तेव्हा इंजिनाचा ब्लॉक फुटला होता, म्हणून ती तुमच्या गळ्यात मारून गेला. दहा वर्षं तिच्या बॉनेटवर आपल्या गॅरेजचे जेवणाचे डबे. आणि एके दिवशी तुम्ही माहीमहून हातगाडीला चार माणसं लावून फौजी ट्रकचं इंजिन घेऊन आलात! मी म्हटलं, "उस्ताद, हे हिच्यात? या नाजूक बयेला रेड्याचं काळीज?" तुम्ही विडी विझवलीत आणि म्हणालात, "बघच तू, कशी पळते ती." त्या क्षणी मला असं स्फुरण चढलं की विचारू नका.

दिवसच तसे होते. मुंबईसकट महाराष्ट्र मिळायलाच हवा म्हणून सगळं गिरणगाव रस्त्यावर, आणि मी त्यात पुढे. मोर्च्यांपायी माझी गिरणीतली नोकरी गेली. तुम्ही मला ठेवून घेतलंत, पण अट घालून. "मोर्चा गेटाबाहेर ठेवायचा. माझी गिऱ्हाइकं सगळ्या बाजूंची आहेत." मी मान डोलावली.

इंजिन ट्रकचं, गिअरबॉक्स गाडीचा, दोघांची तोंडं जुळेनात. मधे एक जाड लोखंडी प्लेट हवी होती, एका बाजूला इंजिनाचे बोल्ट धरणारी, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सचे. ते काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. "बसली तर तू मिस्त्री. नाही बसली तर आहेच पाने पुसणं." मिस्त्री! त्या एका शब्दासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. करी रोडला चाळीत जाऊन आईला सांगूनसुद्धा टाकलं, जणू झालोच. आईने ते अख्ख्या मजल्याला सांगितलं.

इंजिनाच्या बाजूची भोकं मी बिनचूक पाडली. मग गिअरबॉक्स उभा केला, त्याच्या तोंडाला काळं तेल फासलं आणि वर पुठ्ठा दाबला, की भोकांचा छाप येतो. पुठ्ठा कुठला, तर मी मोर्च्यात खांद्यावर घेतलेला फलक, मागून कोरा. छाप झकास आला, त्यावरून पुठ्ठ्याला आरपार भोकं पाडली. आता पुठ्ठा उलटायचा, छाप वर, अक्षरं खाली, आणि प्लेटच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूवर ठेवून खुणा ठोकायच्या. प्लेट तेलाने बरबटलेली. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही अक्षरं त्या घाणीत तोंडावर पाडायची? माझा हातच होईना, उस्ताद. म्हटलं, भोकं तर तीच आहेत ना! अक्षरं वर ठेवली आणि खुणा ठोकल्या.

भोकं तीच होती, पण आरशात दिसावीत तशी. आठातले दोन बोल्ट कसेबसे शिरले. प्लेट पालथी करून बघितली तर गिअरबॉक्स जुळला आणि इंजिन चुकलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "डोकं कुठे ठेवून आलास रे?" पुठ्ठा मी तोवर पिंपामागे सरकवला होता. म्हणालो, "घाई झाली, उस्ताद." "घाई करणाऱ्याने भेळ विकावी, चौपाटीवर. इथे कशाला मरायला येतोस?" मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. आईला काय तोंड दाखवणार होतो मी?

दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी आलो. चुकलेल्या भोकांत लोखंडी खुंट्या ठोकल्या, वेल्डिंग मारलं, कानशीने दोन दिवस घासून सपाट केलं आणि नव्याने खुणा केल्या. या वेळी कोऱ्या कागदावर. तुम्ही मधूनमधून चहा माझ्यापुढे सरकवत होतात.

आणि बसली! आठच्या आठ बोल्ट हाताने आत फिरले. बॉनेट काही लागेना, म्हणून तुम्ही त्याला सरळ खिडकीच कापलीत. चालू करायच्या वेळी कोणीतरी नारळ आणला. पण फोडणार कोण? तुम्ही छातीवर क्रूस काढणारे, मी नुकताच बौद्ध झालेला. शेवटी इंजिन तसंच सुरू केलं आणि नारळ मागाहून गुळाबरोबर खाल्ला. काय तो आवाज! शेडचे पत्रे थरथरले, वरच्या गॅलरीत बायका धावत आल्या.

अजून डोळ्यांपुढे तो रविवार आहे. तुम्ही चर्चमधून, मिसाहून आलात, पांढऱ्या सदऱ्यातच चाकामागे बसता, मला शेजारी बसवता. परळ, दादर, माहीम. लोक मागे ट्रक आला म्हणून भराभर बाजूला होतात, आणि निघते ही एवढीशी लाल गाडी! टांगेवाला शिव्या देतो, पोरं टाळ्या पिटतात, मी वेड्यासारखा हसतोय. माहीमच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावर तुम्ही पाय दाबलात, पाठ सीटला चिकटली, आणि तुम्ही समोर बघतच ओरडलात, "घाई नव्हती रे तुला! पुठ्ठा बघितला मी पिंपामागे. मीही उलटा नसता ठेवला, मिस्त्री!"

मी कानामागे हात धरून ओरडलो, "काय?" तुम्ही हसून मान हलवलीत आणि पुन्हा काही बोलला नाहीत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, ते राहणार माझ्याच ट्रंकेत. पण एवढं कबूल करून टाकतो. इंजिन कितीही ओरडत असलं तरी मला तेव्हा सगळं नीट ऐकू आलं होतं, उस्ताद. मला फक्त तो शेवटचा शब्द तुमच्या तोंडून अजून एकदा हवा होता.