सोळा गाठींचं पाणी

३ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सूर मारायच्या मनोऱ्याचे चार खांब, शिडीच्या छत्तीस पायऱ्या, दहा आणि वीस फुटांवरच्या फळ्या, यंदा तीस फुटांवर बसवलेली नवी फळी, पाय घसरू नये म्हणून तिच्यावर ताणलेला काथ्या, आणि पाण्याची खोली मोजायचा सुती दोर, पीळ भरण्यापासून फुटाफुटावर गाठ मारण्यापर्यंत. हे सगळं या दोन हातांनी केलं. वेल्डिंग मला कोणी शिकवलं नाही. पोहणंही नाही.

आमच्या दगडाच्या जुन्या खाणीतलं पाणी सोळा फूट आहे. रोज सकाळी दोर सोडतो, सोळा गाठी बुडतात. वाळला की महिन्यातून एकदा फरशीवर पसरून पोलादी टेप लावतो. सुताचा फरक नाही. तीस फुटांवरून सूर मारायचा तर सोळा फूट पाणी लागतं, पंधरा चालत नाही.

तुझी टिटवी बारा तारखेला, रविवारी, तिथूनच सूर मारणार. मोठ्या केंद्राचे प्रशिक्षक निवड करायला येताहेत आणि जागा एकच आहे. पण काल सरावानंतर म्हणाली, मामा, बोटं तळाला लागली. मी म्हटलं, अकरा वर्षं माझा दोर सोळा सांगतोय, तुझी बोटं कालची. पोरीला भीती वाटते आणि ती खाणीवर ढकलते. जरा समजाव.

लोभ आहेच, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा भाऊ


७ एप्रिल

चि. इंजिनियरसाहेब यांस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. खांब, पायऱ्या, फळ्या सगळ्यांची खुशाली कळली. तुझी स्वतःची लिहायची राहिली.

लहानपणी टाकीत उडी मारून पुढचा दात पाडलास, तेव्हाही चूक टाकीचीच होती. आई म्हणायची, याचं चुकत नाही, जगाचं माप चुकतं. ते असो. टिटवीचं मलाही पत्र आलं आहे. नखांत दगडाची भुकटी होती म्हणते. भीती नखांत शिरत नाही रे.

मी शिवणकामवाली बाई, मला खाणीतलं काय कळणार? पण कोरं सुती कापड मी आधी भिजवते, मग कापते. एकदा घाईत तसेच पडदे शिवून दिले. पहिल्या धुण्यात चार बोटं वर गेले आणि गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसलं. तुझा दोरही सुतीच ना? गाठी मारल्यास तेव्हा तो कोरडा होता की ओला?

मला उत्तर पाठवू नकोस. दोर भिजव आणि मोज. दोर तू दुसरा वळशील, मुलगी मला एकच आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद आहेतच.

ताई


१० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हसलो. दोर म्हणजे काय पडदा आहे, असं शेजारच्या सुतारालाही ऐकवून झालं. मग तो गेल्यावर दोर बादलीत घातला.

तासाभराने टेप लावली. सोळा गाठी, चौदा फूट नऊ इंच. टेप बदलली. दुसरीनेही तेच सांगितलं. हे कारखानेवाले सगळे एकमेकांना मिळालेले असतात. शेवटी लोखंडी नळीवर खुणा करून होडीतून ती तळापर्यंत सोडली. चौदा-नऊ.

दोर खोटं बोलला नाही. मी त्याला कोरडा असताना तपासत होतो आणि ओला असताना त्याचं ऐकत होतो.

वरची फळी मीच उतरवली. आठ बोल्ट माझ्याच हाताने आवळलेले, निघता निघेनात. काठावरची खोलीची पाटी नव्याने रंगवली आणि खाली लिहिलं की आधीचा आकडा चुकीचा होता, चूक माझी. ती ओळ जरा बारीक आली, ते ब्रशमुळे.

टिटवी माझ्याशी धड बोलत नाही. बोटं लागली म्हणून तक्रार करणारी तीच, फळी काढली म्हणून फुगणारीही तीच. म्हणते, वीस फुटांवरून कोणीही सूर मारतं, प्रशिक्षक माझ्याकडे बघतील कशाला? तिचं बरोबर आहे. ती जागा बहुधा गेली, आणि माझ्यामुळे गेली. हे तू तिला सांगायची गरज नाही, मी सांगितलं आहे.

लोभ असेल तेवढा राहू दे, मी मोजायला येत नाही.

तुझा भाऊ

ता. क. आज सकाळी आमच्या पोहण्याच्या क्लबाचे अध्यक्ष घरी आले होते. रविवारचे सूर बघायची तिकिटं सगळी खपलीत. म्हणाले, मिस्त्री, एका रविवारपुरती फळी परत लावा, पाटीवर आम्ही कापड टाकतो. टिटवी दाराआड उभी होती. खालच्या फटीतून तिची पावलं दिसत होती. रोख रक्कम देत होते, आणि वर मनोऱ्यावर माझ्या नावाची पितळी पट्टी. रक्कम पंच्याहत्तर हजार. रकमेला लगेच नको म्हटलं. पट्टीला जरा वेळ लागला.