वेगळी चूल, तोच टँकर

३ मार्च
पाण्याचा टँकर मारुंजीतल्या कुठल्या सोसायटीत कधी येणार, हे सांगणारं ॲप माझ्या डोक्यातून निघालं. कोड ओपन सोर्स ठेवला, म्हणजे कोणीही दुरुस्ती पाठवावी. शेजारचा एहसान पाठवत सुटला, इतका की आता ॲप तोच चालवतो. आज मीटिंगमध्ये चेअरमन उद्धवरावांनी त्याला शाल दिली. मला खुर्च्या आत ठेवायला सांगितलं. जळत नाहीये. फक्त नोंद करून ठेवतोय.

४ मार्च
फोर्क केला. म्हणजे सगळा कोड उचलून वेगळी चूल मांडली. नावापुढे 'प्रो' लावलं. पहिल्या पानावर टाकलं, 'मूळ कल्पना: प्रितम'. बाकी काय बदललं, असं मिनलने विचारलं. बायको असली तरी तिला आर्किटेक्चर कळत नाही.
संकल्प: एहसानचं ॲप उघडायचं नाही.

११ मार्च, कॅबमध्ये, हिंजवडीच्या जाममध्ये
प्रोला एक युजर मिळाला. मीच. एहसानकडे मात्र चाकणहूनसुद्धा लोक दुरुस्त्या पाठवतायत. चाकणवाल्यांना आमच्या टँकरचं काय पडलंय?
हो, जळतोय. लिहून टाकलं एकदाचं.

१९ मार्च
प्रोने टँकर आल्याचं सांगितलं. आला नव्हता. मिनल तोंडाला साबण लावून बसली होती. तीच चूक एहसानने तिकडे काल दुरुस्त केलेली. ती दुरुस्ती उचलून घेतली. ओपन सोर्समध्ये याला चोरी म्हणत नाहीत.

२ एप्रिल
आता त्याच्या दुरुस्त्या रोज घेतो. वाचत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

६ एप्रिल
मिनलच्या मोबाइलमध्ये एहसानचं ॲप सापडलं. म्हणाली, टाकी भरायची तर खरं सांगणारं लागतं. रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

१२ एप्रिल
मन मोठं केलं. दोन्ही कोड पुन्हा एक करू, असं एहसानला कळवलं. अट एकच: पहिल्या पानावर माझं नाव. तो नाही म्हणणार. मग जगाला कळेल तो कसा आहे ते.

१३ एप्रिल
एहसानचं उत्तर आलं. "भावा, मर्ज करायला काही उरलंच नाहीये. फरक फक्त 'प्रो'चा आहे. तो ठेवायचा का, सगळ्यांचं मत घेऊ."
मिनलच्या मोबाइलवर त्याचं ॲप उघडून पाहिलं. पहिल्याच पानावर, 'मूळ कल्पना: प्रितम'. शाल मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशीच टाकलंय.

१५ एप्रिल
'प्रो' पडलं. बाजूने एकच मत. माझं नव्हे, मी ऐटीत मतदानाला गेलोच नव्हतो. एहसानचं.
हेही त्यालाच जमलं.