डाव्या बाजूचा आवाज

मी, पुष्पलता देवाजी बारापात्रे, वय त्रेपन्न, अविवाहित, मराठीची अध्यापिका, राहणार तांडापेठ, नागपूर, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझ्या डोक्यात गाठ आहे. ती ऐकण्याच्या नसेवर आहे, विचारशक्तीवर नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मी त्यांना हे दोनदा विचारले. ज्याला शंका असेल त्याने तिसऱ्यांदा विचारावे.

आज संध्याकाळच्या गाडीने मी शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जात आहे. डावा कान जाणार हे नक्की. तोंड वाकडे होऊ शकते. त्यापुढचे डॉक्टर बोलत नाहीत. म्हणून हे लिहिणे आले.

कलम एक. तांडापेठेतील दोन खोल्यांचे घर माझी थोरली बहीण सुभद्रा हिला द्यावे. ती खाप्याला राहते आणि तिला नागपूर आवडत नाही. तरीही द्यावे. मागच्या भिंतीला ओल आहे, तिच्याशी कपाट टेकवू नये. आमच्या वडिलांचा हातमाग सुभद्राने मला न विचारता मोडला आणि लाकूड विकले, ही माझी तक्रार कायम आहे. घर दिल्याने ती मिटली असे तिने समजू नये. ती इथेच बसली आहे; हे मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "माग खोली अडवून राहिला होता वं. तू का त्याच्यावर निजणार होती?"

कलम दोन. हुडकेश्वरचा प्लॉट सुभद्राची मुलगी जया हिला द्यावा. तिकडे अजून धड रस्ता नाही, पण होईल. प्लॉट तिच्या एकटीच्या नावे राहावा. तिच्या सासरच्या मंडळींना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम तीन. पुस्तके वस्तीतल्या वाचनालयाला द्यावीत. मी जिथे शिकवते त्या महाविद्यालयाला देऊ नयेत. तिथल्या कपाटांना कुलपे असतात.

कलम चार. माझा अ‍ॅम्प्लिफायर, त्याचे दोन स्पीकर, गाण्यांच्या तबकड्या आणि तबकड्या लावण्याचे यंत्र. हे कलम लांब होईल. माझी भीती याच कलमात आहे.

हा अ‍ॅम्प्लिफायर विलायती, काचेच्या व्हॉल्व्हचा आहे. खाप्याजवळच्या खाणीवरचा इंग्रज साहेब १९६४ साली देश सोडून गेला. त्याचे सामान विकायला काढले तेव्हा मी हा घेतला. माझी नोकरी नवी होती. याच घरात वडील मागावरून न उठता म्हणाले, "लोकाच्या पोरी भांडे घेतात." पण पहिली तबकडी लागली तेव्हा त्यांनी माग थांबवला. तंबोरा डावीकडे, तबला उजवीकडे, मधोमध गाणारी बाई. डोळे मिटले की कोण कुठे बसले आहे ते दिसे. वीस वर्षे मी एकाच खुर्चीवर, त्याच जागी बसून ऐकत आले. खुर्चीच्या पायांचे ठसे फरशीवर आहेत.

चार वर्षांपूर्वी तंबोरा मागे सरकला. गाणारी बाई उजवीकडे कलली.

मी ताराचंद गजभिये यांना बोलावले. इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे. दोष शोधायची त्यांची पद्धत साधी आहे. डावीकडचा भाग उजवीकडे लावायचा, उजवीकडचा डावीकडे. दोष भागाबरोबर गेला तर तो भाग खराब. त्यांनी व्हॉल्व्ह बदलून पाहिले. तंबोरा मागेच. तारा बदलल्या. मागेच. मग दोन्ही स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. तंबोरा मागेच. ते म्हणाले, "बाई, मशीन बराबर आहे जी."

मी म्हणाले, "मग मला ऐकू येते ते काय?"

त्यांनी हत्यारे पिशवीत भरली. उत्तर त्यांना ठाऊक होते असे आता वाटते. त्यांनी ते द्यायला हवे होते की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

त्यानंतर मी सुटे भाग शोधू लागले. या जातीचे व्हॉल्व्ह बाजारात मिळत नाहीत. मुंबईच्या दुकानदाराने लिहिले की हे काढून टाका, ट्रान्झिस्टरचे घ्या. जबलपूरहून लष्कराच्या भंगारातले आले, त्यांतले अर्धे फुटलेले. उमरेडला एक टॉकीज बंद पडले तेव्हा पडद्यामागचे आवाजाचे जुने यंत्र घ्यायला ताराचंद एसटीने गेले आणि ते मांडीवर ठेवून परत आले. त्यातले व्हॉल्व्ह आमच्या यंत्राला चालले. मी म्हणाले, डाव्या बाजूचा आवाज चढवा. त्यांनी चढवली. गाणारी बाई मधोमध आली. काही महिन्यांनी पुन्हा कलली. मी पुन्हा म्हणाले, चढवा. ते म्हणाले, "बाई, इकडचा व्हॉल्व्ह लाल होऊन राहिला. आता चढवलं तर जळन." मी म्हणाले, यंत्र माझे आहे. त्यांनी चढवली.

मागच्या पोळ्याला सुभद्रा खाप्याहून आली. मी तबकडी लावली. तिने कानावर हात ठेवला. "काहून वं, हे डावं डबडं एवढं बोंबलून राहिलं? अन् उजवं मुकं?"

मी म्हणाले, दोन्ही सारखी आहेत.

"तू इकडं ये. पाठ करून बस बरं त्याच्याकडं."

मी खुर्ची फिरवली आणि यंत्राकडे पाठ करून बसले. गाणे सगळे उजव्या अंगावर आले. डावीकडे काही नव्हते. ओलीची भिंत होती. सुभद्रा विचारत होती, "काय झालं वं? तोंड काहून असं केलं?" ती माझ्या डाव्या बाजूला उभी होती, म्हणून मी ते तिच्या ओठांवरून वाचले.

मग डॉक्टर, मग फोटो, मग गाठ.

तेव्हा हे नोंदवून ठेवते की यंत्र कधीच बिघडले नव्हते. माझ्या सांगण्यावरून ते वाकडे केले गेले आहे. डावीकडचे व्हॉल्व्ह सोसवेल त्याहून जास्त तापतात. मी घरी नसताना कोणी ते चालू करून विसरले तर खिडकीचा पडदा पेटेल. घर पेटेल. मला हे रोज वाटते. कॉलेजला निघाल्यावर मी रिक्षा परत फिरवून प्लग काढला आहे का ते पाहून आले आहे, आणि घर दिसेनासे झाल्यावर पुन्हा वाटले आहे की नीट पाहिले नाही. म्हणून माझ्या पश्चात प्रथम दोन्ही बाजू पूर्वीसारख्या सारख्या कराव्यात. तोवर कोणीही बटणाला हात लावू नये. जयाने तर नाहीच.

कलम पाच. यंत्र, स्पीकर, तबकड्या आणि सुट्या व्हॉल्व्हचा बिस्किटांचा डबा ताराचंद गजभिये यांना द्यावा. व्हॉल्व्ह खाप्याच्या सुतात गुंडाळलेले आहेत. दुसऱ्या कोणाला त्यांची किंमत नाही.

येथे मी सही करणार होते. शेजारचे महादेवराव निमजे साक्षीसाठी येऊन बसले आहेत. दुसरे साक्षीदार आले नाहीत. ताराचंद यंत्राचा प्लग काढून त्यावर कापड घालायला आले होते. मी त्यांना कलम पाच वाचून दाखवले. त्यांनी कापडाचे टोक खाली ओढले.

"साक्षीदार किती लागतात जी?"

"दोन."

"मंग महादेवराव अन् मी."

मी सांगितले की ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. तुम्ही सही केलीत तर यंत्र तुम्हाला देता येणार नाही.

"म्हणूनच तर म्हणून राहिलो."

सुभद्रा हसली. "घे गा भाऊ, देऊन राहिली तर. नाहीतर मी भाजी ठेवीन त्याच्यावर."

"ठेवा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, आणि उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. "बाई, दोन्हीकडं सारखं करा असं लिहिलं तुमी. कोणाच्या कानानं करू? वीस वर्षं त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं नाही. तुमी या, बसा, सांगा. तवा करतो."

मी म्हणाले, "मला एकच कान उरेल. एका कानाला दोन बाजू कशा कळणार?"

"ते तवा पाहू जी. खुर्ची फिरवू. मशीन फिरवू. काही तर करू."

"आणि मी आलेच नाही तर?"

महादेवरावांनी घड्याळाकडे पाहिले. ताराचंदांनी महादेवरावांच्या खिशातला पेन काढून घेतला आणि हातात धरून थांबले.

नवीन साक्षीदार शोधायला वेळ नाही. म्हणून कलम पाच मी माझ्या हाताने आडवी रेघ मारून रद्द करते. कलम चारमधील यंत्र सारखे करण्याची सूचनाही रद्द. बटणाला हात न लावण्याची सूचना कायम. यंत्राला वारस नेमलेला नाही. ते आहे तसे, डावीकडे चढलेले, या खोलीत राहील, आणि त्याचे काय करायचे ते मी परत येऊन सांगेन.

मला भीती वाटते. हेही माझ्या पूर्ण शुद्धीत लिहिले आहे.

(सही) पुष्पलता देवाजी बारापात्रे

बाईंनी आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली व त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर केली:

१. (सही) महादेवराव निमजे, तांडापेठ
२. (सही) ताराचंद गजभिये, रेडिओ दुरुस्ती, इतवारी

नागपूर, दिनांक १७ फेब्रुवारी १९८४