तिसऱ्या सिलिंडरचे आटे

अप्पा, काल तुमच्या गाडीचे चारही स्पार्क प्लग बदलले. मी बदलले. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं रागानं लिहिणार आहे आणि रागात मुद्दा राहून जातो.

भावाचा फोन आला होता. दसरा तोंडावर आलाय, गाडी तीनच सिलिंडरवर चालते, गचके खाते. लातुरात आता तिच्या इंजिनाला हात लावणारं कुणी सापडत नाही. ती बनवणारी कंपनीच राहिली नाही; लोक क्लासिक म्हणून तिच्यासोबत फोटो काढतात आणि जातात. "तायडे, तू इंजिनिअर हायस ना, ये की," असं भाऊ म्हणाला आणि लगेच हसला, "पण आटे नको घालवूस." तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा विनोद घरात चालूच आहे. मी गाडीच्या जुन्या पुस्तकाची प्रत मिळवली आणि नांदेडातच प्लग निवडले. आधी आट्यांचा व्यास, मग आट्यांची लांबी, मग प्लग किती गरम राहतो ते. गाडी वर्षातून चार वेळा गावातल्या गावात हळू फिरते, म्हणून पुस्तकातल्यापेक्षा एक नंबर जास्त गरम घेतला, म्हणजे टोकावरची काजळी जळून जाते. तुम्ही व्यास तेवढा बघायचा. "चौदाचा हाय न्हवं? मग झालं." लोखंडी सामानाच्या दुकानात बसून साध्या बोल्टसाठी गिऱ्हाइकाला "आखूड का लांब?" असं दहादा विचारणारा माणूस स्वतःच्या इंजिनाला ते विचारत नव्हता.

तो दसरा आठवा. मी नववीत आहे. खंडेनवमीला तुमची हत्यारं पाटावर मांडली आहेत आणि प्लगपान्याला हळदकुंकू मीच लावलंय. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, काका आणि शेजारी अंगणात जमलेत, कारण गाडीतून सोनं द्यायला जायचंय. नांदेडच्या मामानं पुस्तकात बघून नवे प्लग आणलेत. तुम्ही खुशीत आहात. पाना माझ्या हातात देऊन म्हणता, "बघू, आमची लेक काय करती ते." पहिले दोन घट्ट जातात, पण जातात. तिसरा निम्म्यात थांबतो. मी तुम्हाला सांगितलं होतं, अप्पा. माझं वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं: "अप्पा, ह्यो अडकायलाय. काढून बघू का?" तुम्ही काकांशी बोलत होता. वळलासुद्धा नाहीत. "पीळ गं. नवा हाय म्हणून घट्ट लागतंय. भाकरी खाल्ली न्हाईस का?" सगळे हसले. मी पिळला. पाना एकदम हलका झाला, गरागरा फिरायला लागला. आटे गेल्यावर पाना असा फिरतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण काहीतरी सुटलंय हे हाताला लगेच कळलं.

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. पाना माझ्याकडून घेतलात, फडक्यानं पुसलात, भावाच्या हातात दिलात. तो तेव्हा पाचवीत होता. आणि जमलेल्या सगळ्यांना म्हणालात, "पोरीच्या हाताला अंदाज नसतो बघा." त्या दिवशी सोनं पायी फिरून दिलं. त्यानंतर खंडेनवमीला मी पाटाभोवती रांगोळी काढायची आणि पाना भावानं उचलायचा. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावायला गेले तरी काकू म्हणायच्या, "हळू गं माय, आटे जातील." विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला नंबर लागला तेव्हा तुम्ही दुकानात पेढे वाटलेत आणि प्रत्येकाला सांगितलंत, "मार्क लई हायेत, फक्त पाना देऊ नका हातात." तुम्हाला ते कौतुक वाटत असावं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आमच्या गटातली मुलं इंजिन उघडायची आणि मी बाजूला उभी राहून रीडिंग लिहायची. कुणी मला अडवलं नव्हतं. मीच पाना पुढच्याला द्यायची. आज मी नांदेडला दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजून पास-नापास करते. माझं माप चुकत नाही. पण स्वतः काही जोडायची वेळ आली की मी काहीतरी कारण काढते, आणि ती सवय कुठून लागली हे मला माहीत आहे.

काल सकाळी इंजिन गार होतं. खाचांमधली धूळ फुंकून काढली आणि जुने प्लग सोडवले. चारही तुम्ही बसवलेले. तुमच्यानंतर त्यांना कुणी हात लावला नव्हता. तिसरा काळाकुट्ट, ओला. मी सवयीनं चारही मोजले. चारही लांब आट्यांचे, पुस्तकात आहेत तसेच. मग डिकीतला तुमचा बिस्किटाचा डबा उघडला. त्यात फडक्यात गुंडाळलेले आणखी चार प्लग होते, मामानं आणलेले बसवायच्या आधी गाडीत होते ते. तेही मोजले. आखूड.

समजायला मला मिनिटही लागलं नाही, आणि तुम्हालाही लागलं नसेल, म्हणून लिहिते. आखूड प्लग भोकात निम्म्यापर्यंतच पोचतो. खालचे आटे उघडे राहतात आणि त्यांच्यात वर्षानुवर्षं काजळी भरते, दगडासारखी. त्यावर लांब प्लग पिळला की तो तिथं अडकतो, आणि जोर केला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. माझ्या हाताला अंदाज होता, अप्पा. हातानं सांगितलं होतं की अडकतोय. त्या दसऱ्यानंतर तुम्ही गाडी मिस्त्रीकडे नेलीत, त्यानं तिसऱ्या भोकात नवे आटे घालून दिले, आणि त्यानंतर तुम्ही कधीही आखूड प्लग घेतला नाहीत. म्हणजे तुम्हाला कळलं होतं.

प्लग हातात घेऊन मी तशीच आईकडे गेले. ती सूप घेऊन तूर निवडत बसली होती. विचारलं, "अप्पांना माहीत होतं?"

"काय?"

"चूक माझी नव्हती ते."

तिनं मान वर केली नाही. "हाव. मिस्त्रीनं सांगितलं व्हतं त्यांना. घरी येऊन मला म्हणले, पोरीचं काय चुकलं न्हवतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगणार व्हते. मग तुझी दहावी आली. मग राहिलं ते राहिलंच." तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "आन् बापानं लेकीपुढं काय हात जोडावेत व्हय?"

हात जोडायला कुणी सांगितलं होतं? एक वाक्य पुरलं असतं, जेवताना, भाकरी मोडता मोडता. पेढे वाटताना तुम्हाला ते माहीत होतं. मला हॉस्टेलला सोडायला आलात, कुलूप लावता येतंय का म्हणून चेष्टा केलीत, तेव्हाही माहीत होतं. इंजिनाची चूक तुम्ही लगेच दुरुस्त केलीत. आई म्हणते तुमचा जीव होता माझ्यावर. असेल. त्यानं हिशेब बदलत नाही, आणि माफ केलं असं मी लिहिणार नाही.

खालचे आटे पुसून स्वच्छ केले. नव्या प्लगच्या डोक्यावर रबरी नळी चढवून बोटांनी फिरवलं. आटा तिरका लागला तर नळी घसरते, जोर पडतच नाही. चारही शेवटपर्यंत अलगद गेले. मग पाना, अर्धा वेढा, बस. गाडी पहिल्या चावीला चालू झाली आणि चारही सिलिंडर बोलायला लागले. भाऊ म्हणाला, "आयला, तायडे." त्याला मी ते आखूड प्लग दाखवले आणि सगळं सांगितलं. तो हसला नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. तिसऱ्या प्लगला शेवटचा अर्धा वेढा द्यायच्या आधी मी थांबले होते. तो कुठंही अडकलेला नव्हता. तरी मी मागं वळून बघितलं, तुम्ही "पीळ" म्हणताय का म्हणून.