क्लोर, अंतरा, नीली, प्रोल

आप्पा,

मी पिंगळीला माल आणायला चाललो. तुमाला उठवलं नाही, तोंड दाखवायची लाज वाटायली.

परवा दुकानात फवारणीच्या औषधाचं नाव तुमी ‘क्लोर, अंतरा, नीली, प्रोल’ असं तोडून वाचलं. मी गिऱ्हाइकांसमोर म्हणलो, ‘आप्पा, गाणं म्हणायलाव का?’ सगळे हसले. तवापासून तुमी नाव घेईना झालाव, बाटली नुसती बोटानं दाखवायलाव.

काल तुमी जेवायला गेल्यावर कंपनीचा माणूस आला. त्याच्यासमोर तेच नाव एका दमात म्हणायला गेलो आणि ‘क्लोरं’वरच अडकलो. शेवटी तुमच्यासारखं तोडलं, तवा तोंडातून निघालं. तो म्हणला, ‘बरोबर.’

आज बोट दाखवू नका, आप्पा. नाव घ्या, मोठ्यानं.

नागेश